परसातली ब्रह्मा: पिसं बघून घ्याल तर अंडी मिळायची नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याजवळच्या गावात घर, मागे तीन गुंठे मोकळी जागा, घरात चार माणसं. अंगणात शोभून दिसेल, रोज दोन-तीन अंडी मिळतील आणि पाहुणे आले तर एखादा कोंबडा कापता येईल अशी कोंबडीची जात हवी आहे. एका विक्रेत्याने ब्रह्मा सुचवली आणि 'वर्षाला अडीचशे अंडी, सहा महिन्यांत पाच किलो' असं छातीठोक सांगितलं. आपल्या हवेत ती टिकेल का, आणि घ्यायची तर अंडी, पिल्लं की तयार जोडी, हे विचारलं आहे.

ब्रह्मा जरूर ठेवा. मी ही जात बरीच वर्षं सांभाळतोय आणि परसासाठी इतका शांत, माणसाळलेला आणि देखणा पक्षी दुसरा सापडणं अवघड आहे. फक्त विक्रेत्याचे दोन्ही आकडे आधी डोक्यातून काढून टाका. अंड्यांसाठी निवड करून जपलेल्या चांगल्या वाणाची ब्रह्मा वर्षाला १४० ते १५० अंड्यांपर्यंत जाते. आपल्याकडे हौशी लोकांकडून जे पक्षी मिळतात त्यांच्याकडून ८० ते १२० धरून चाला. साडेपाच किलो हे अमेरिकन मानकात (जातींचं रंग-रूप ठरवून देणाऱ्या पुस्तकात) दिलेलं पूर्ण वाढलेल्या लाइट, म्हणजे पांढऱ्या रंगाच्या, ब्रह्मा कोंबड्याचं वजन आहे, कोंबडीचं ४.३ किलो. तिथवर पोचायला दीड ते दोन वर्षं लागतात, आणि आपल्याकडचे बहुतेक पक्षी तिथवर पोचतही नाहीत. सहा महिन्यांचा ब्रह्मा कोंबडा उंच दिसतो, पण उचलून पाहिला तर हाताला हाडं लागतात.

ही जात दुहेरी उपयोगाची म्हणून पुस्तकात लिहिलेली असते, पण तो गुण नुसत्या नावाबरोबर येत नाही. तुम्ही ज्याच्याकडून पक्षी घेणार आहात त्याने गेल्या काही पिढ्यांत काय बघून पक्षी राखले, यावर सगळं ठरतं. म्हणून थोडा इतिहास सांगतो.

१८४० च्या दशकात शांघाय बंदरातून मोठ्या, पायावर पिसं असलेल्या कोंबड्या जहाजांनी अमेरिकेत पोचल्या. त्यांच्यात चितगावकडच्या उंच, लढाऊ बांध्याच्या कोंबड्यांचं रक्त मिसळलं असं मानलं जातं. ब्रह्माचा वाटाण्यासारखा बुटका तुरा आणि पुढे आलेल्या भुवया तिकडून आल्या. म्हणजे ही जात घडली अमेरिकेत. 'ब्रह्मपुत्रेकाठची शुद्ध देशी जात' असं सांगून कुणी भाव वाढवत असेल तर त्याकडे लक्ष देऊ नका. १८५२ मध्ये बॉस्टनच्या प्रदर्शनात परीक्षकांनी नावांचा घोळ मिटवून 'ब्रह्मपुत्रा' नाव ठरवलं, पुढे ते आखूड झालं. त्याच वर्षी जॉर्ज बर्नहॅम या व्यापाऱ्याने नऊ पक्षी राणी व्हिक्टोरियाला भेट पाठवले आणि दोन्ही देशांत कोंबड्यांचं वेडच पसरलं. १८७४ च्या पहिल्या अमेरिकन मानकात लाइट आणि डार्क हे दोन रंग आले, बफ १९२४ मध्ये. मधल्या काळात, साधारण १९३० पर्यंत, अमेरिकेत मांसासाठी हीच प्रमुख जात होती. थंडीत बाकीच्या कोंबड्या अंडी थांबवत तेव्हा ब्रह्मा घालत राही, म्हणून शेतकरी तिला जपत. वायनडॉट, फाव्हरोल, लाइट ससेक्स अशा पुढच्या कितीतरी जातींत तिचं रक्त आहे.

एवढी कामाची कोंबडी नुसती शोभेची कशी झाली? प्रदर्शनात बक्षीस पिसांना मिळतं. पायाची पिसं जास्त, अंग जास्त फुगीर, तो कोंबडा पैदाशीला ठेवायचा, असं पिढ्यान् पिढ्या चाललं की अंडी कमी होतात, वाढ रेंगाळते आणि फलनही घटतं, कारण शेपटीखालची दाट पिसंच आड येतात. आपल्याकडे मोबाइलवर फोटो पाहून पक्षी विकले जातात, आणि फोटोत पिसंच दिसतात. त्या कोंबडीने गेल्या वर्षी किती अंडी घातली हे फोटोत दिसत नाही, आणि विचारणारेही थोडे.

तुम्ही विचारा. विकणाऱ्याकडे अंड्यांची नोंद आहे का, भिंतीवरच्या कॅलेंडरवर मारलेल्या रेघा का असेनात. 'भरपूर घालते' हे उत्तर चालणार नाही. शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीत प्रत्यक्ष जा, कारण तेव्हा ब्रह्मा अंड्यावर, म्हणजे अंडी घालत, असायलाच हवी, आणि कोंबडी हातात घेऊन बघा. ब्रह्माची कातडी पिवळी असते, त्यामुळे तिचं खरंखोटं तिच्या अंगावरच वाचता येतं. कोंबडी अंड्यावर आली की अंगातला पिवळा रंग बलकात जायला लागतो. सगळ्यात आधी शेपटीखालचं अंड्याचं दार पिवळ्याचं पांढरट-गुलाबी होतं, हे काही दिवसांतच दिसतं. मग डोळ्याभोवतीची कडा, मग चोच, तीही मुळाकडून टोकाकडे, आणि सगळ्यात शेवटी पायाची नळी. चोच पूर्ण फिकी व्हायला दीड-दोन महिने लागतात, पाय फिके पडायला चार-पाच महिने. अंडी थांबली की याच क्रमाने रंग परत भरतो. म्हणजे जानेवारीत जिचं दार ओलसर, सैल, पांढरट आहे आणि चोच फिकी आहे ती खरंच घालतेय. जिची चोच आणि पाय हळदीसारखे पिवळेजर्द आहेत तिने दोन-तीन महिन्यांत काही घातलेलं नाही, मग मालक काही म्हणो. कोंबडीला मका खायला मिळत असेल तर हा फरक फार स्वच्छ दिसतो. दाराच्या दोन बाजूंची माकडहाडासारखी टोकदार हाडंही चाचपा. घालणाऱ्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज बसतात, थांबलेलीत जेमतेम एक.

जातीची ओळख पटवायलाही थोडं बघावं लागतं, कारण पायावर पिसं दिसली की सगळ्यालाच ब्रह्मा म्हणायची पद्धत पडली आहे. तुरा बुटका, तीन ओळींचा, वाटाण्याच्या दाण्यांसारखा हवा. उभा, करवतीसारखा एकेरी तुरा असेल तर कोचीन जातीचं किंवा दुसरं कुठलं तरी रक्त मिसळलं आहे. बोटं चारच हवीत. पाचवं बोट दिसलं तर सिल्की किंवा तसल्याच पाच बोटांच्या जातीशी संकर समजा. नळी पिवळी, अंडं तपकिरी. मागच्या गुडघ्याजवळ मागे लांब निघालेली ताठ पिसं काही विक्रेते 'डबल पिसं' म्हणून कौतुकाने दाखवतात. मानकात तो दोष आहे, आणि चालताना ती चिखल गोळा करतात. रंगावरून भांडू नका. लाइट म्हणजे पांढरं अंग, काळ्या रेघांची मान आणि काळी शेपटी. डार्कची कोंबडी करड्या अंगावर बारीक नक्षीची असते, कोंबडा रुपेरी मानेचा आणि काळ्या छातीचा. बफचं अंग सोनेरी. मला स्वतःला डार्क कोंबडीची नक्षी सगळ्यात देखणी वाटते. पण परसात पहिल्यांदा ठेवणाऱ्याला मी लाइट सांगतो, कारण पांढरं अंग उन्हात कमी तापतं आणि अंगावरच्या उवा लगेच दिसतात.

आता हवेचा प्रश्न. थंड प्रदेशात घडलेला पक्षी आहे, त्यामुळे महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला तो खुशीत राहतो आणि साताऱ्यातही अडचण फक्त मार्चअखेर ते पहिल्या पावसापर्यंतची आहे. कोंबडीला घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायच्या वाटा दोन, धापा टाकणं आणि तुरा-कल्ल्यांतून उष्णता सोडणं. ब्रह्माचा तुरा आणि कल्ले आखूड आहेत म्हणून बर्फात गोठत नाहीत, पण उन्हाळ्यात तोच आखूडपणा नडतो. वर दाट पिसांचं अंग. तिशीच्या वर पारा गेला की धाप सुरू होते, पस्तिशीच्या पुढे काळजीच घ्यावी लागते. सारखी धाप लागली की श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट रक्तात कमी पडतं. एप्रिलमध्ये पातळ कवचाची अंडी का येतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे. तेव्हा नुसते शिंपले वाढवून भागत नाही, गारवाच द्यावा लागतो.

उन्हाळ्यात माझी पद्धत अशी: खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर, दुपारी अकरा ते चार भांडी रिकामी. अन्न पचवतानाही अंगात उष्णता तयार होते, ती दुपारी नको. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दोन-तीन ठिकाणी, आणि दुपारी एकदा बदलायचं. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा गवत टाकून त्यावर पाणी मारायचं, पश्चिमेच्या बाजूला ओलं गोणपाट लावायचं, पण समोरून वारा खेळता ठेवून. कोंडलेल्या खुराड्यात ओलं गोणपाट लावलं तर हवा दमट होते आणि धापेचा उपयोगच होत नाही. कोकणात ब्रह्मा जास्त अवघड जाते ती याच दमटपणामुळे. एखादी कोंबडी पंख पसरून, चोच उघडी टाकून पडली तर तिला सावलीत वाऱ्याशी आणा, चोचीला पाणी लावा, पंखाखाली ओलं फडकं फिरवा. अंगावर गार पाण्याची बादली ओतू नका.

उन्हाळा मात्र अडीच-तीन महिन्यांत सरतो. पावसाळ्यातला चिखल जास्त दिवस पुरतो, आणि माझ्या मते आपल्याकडे ब्रह्मा ठेवणाऱ्याची खरी परीक्षा तीच आहे. पायाची पिसं ओली झाली, त्यात माती आणि विष्ठा अडकली, की बोटांमध्ये गोळे तयार होऊन ते सुकून दगडासारखे होतात. आत कातडी कुजते, वास येतो, कोंबडी लंगडते. म्हणून खुराड्याची जमीन आधी उंच करा. किमान फूटभर मुरूम भरून चोपून घ्या, आत चार-सहा इंच भाताचं कोरडं तूस, आणि दर दोन-तीन दिवसांनी ते खालीवर करा. खाली वाकून तुसाजवळ चेहरा नेल्यावर डोळे चुरचुरले तर गादी बदलायची वेळ होऊन गेली आहे. पाण्याचं भांडं जाळीच्या चौकटीवर ठेवा म्हणजे सांडलेलं पाणी जाळीतून खाली जाईल आणि पाय कोरडे राहतील. जुलै-ऑगस्टच्या झडीत पक्षी बाहेर सोडू नका. त्यासाठी आत जागा लागते. साध्या कोंबडीला आत दोन चौरस फूट पुरतात, ब्रह्माला चार ते पाच धरा.

आठवड्यातून एकदा रात्री, पक्षी सुस्त असतात तेव्हा, एकेक उचलून पाय बघा. बोटांमध्ये गोळा असेल तर कोमट पाण्यात पाय धरा, भिजून मऊ झाला की अलगद सोडवा आणि फडक्याने टिपून पूर्ण कोरडा करा. पिसं ओढू नका. नवं उगवणारं पीस मुळाशी निळसर-काळं असतं, त्यात रक्त असतं. ते मोडलं तर रक्त येतं आणि रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचत बसतात. असं झालं तर कोरडी हळद दाबून धरा आणि त्या पक्ष्याला जखम भरेपर्यंत वेगळं ठेवा. प्रदर्शनाला न्यायचं नसेल तर पावसाआधी बोटांवरची जुनी, वाळलेल्या दांड्याची पिसं कात्रीने आखूड करायला काहीच हरकत नाही. मी करतो. पुढच्या पिसगळीत ती परत येतात.

पाय उचलाल तेव्हा नळीवरचे खवले नीट बघा. खवले उचलल्यासारखे, खाली चुन्यासारखा पांढरा भुगा, नळी जाडसर, असं दिसलं तर खवल्याखाली घर करणारी खरजेची माइट आहे. पिसाळ पायाच्या जातींत ती लवकर लागते आणि पिसांमुळे उशिरा दिसते. व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल खवल्यांवर दाट चोळा, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. हवा बंद झाली की माइट मरते. रॉकेल लावायचा जुना उपाय करू नका, कातडी भाजते. फार पसरली असेल तर आयव्हरमेक्टिन हे औषध द्यायचं की नाही आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवा.

खुराड्यात बसायची दांडी एक ते दीड फुटापेक्षा उंच नको आणि ती गोल बांबूची नको, तीन-चार इंच रुंद फळी हवी. चार किलोचा पक्षी रोज सकाळी उंचावरून उडी मारतो तेव्हा तळव्याला मार बसतो, मग तिथे काळी खपली धरून आत गळू होतं. खुराड्याचं दार सव्वा ते दीड फूट रुंद ठेवा. अंडी घालायची पेटी चौदा-सोळा इंच चौरस, जमिनीलगत. ब्रह्मा उडत नाही, तीन फुटांच्या कुंपणात निवांत राहते. पण त्यामुळेच कुत्रं, मुंगूस किंवा रानमांजर आलं तर पळून झाडावरही जाऊ शकत नाही. बारीक षट्कोनी कोंबडीजाळी कुत्र्याच्या दाताला टिकत नाही. रात्रीच्या खुराड्याला वेल्डमेश लावा आणि ती जमिनीत फूटभर गाडा.

खाद्यात एकच मोठी काळजी: घाई करू नका. पहिले आठ आठवडे चिक मॅश (पिल्लांचं खाद्य), मग अंड्यावर येईपर्यंत ग्रोअर (वाढीचं खाद्य), पहिलं अंडं दिसल्यावर लेअर मॅश (अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य). लवकर मोठं व्हावं म्हणून ब्रॉयलरचं खाद्य दिलं तर अंग पायापेक्षा आधी वाढतं आणि पाय वाकतात. वाढत्या पिल्लांना लेअर मॅश दिलं तर त्यातलं कॅल्शियम मूत्रपिंडावर येतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला गरज आहे ती खाते. मोठी कोंबडी दिवसाला १३० ते १५० ग्रॅम खाते. घरातला शिळा भात आणि पोळी हा खरा धोका आहे. ब्रह्मा शांत, फिरते कमी, त्यामुळे चरबी पोटात साठते. चरबी झालेली कोंबडी अंडी थांबवते आणि एप्रिलच्या उन्हात आधी तीच दगावते. खरकटं द्यायचं तर मूठभर, संध्याकाळी. त्यापेक्षा शेवग्याचा पाला, लसूणघास, थोडा अॅझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती) द्या. तुमच्याकडे तीन गुंठे आहेत, एका कोपऱ्यात लसूणघासाचा वाफा सहज होईल.

अंड्यावर यायला ब्रह्माला सात ते नऊ महिने लागतात. साडेचार-पाच महिन्यांत अंडी देणाऱ्या लेअर पाहिलेल्यांना हे सहन होत नाही आणि ते आठव्या महिन्यात तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) विकून मोकळे होतात. माझ्याकडे अंड्यांचा खरा मोसम दिवाळीनंतर होळीपर्यंत असतो. उन्हाळ्यात कमी होतात, पावसाळ्यात पिसगळ होऊन थांबतात.

आता तुमच्या रोजच्या दोन-तीन अंड्यांचा हिशेब. फक्त ब्रह्मा ठेवल्या तर त्यासाठी आठ-दहा कोंबड्या लागतील आणि तरीही पावसाळ्यात टोपली रिकामी राहील. मी असं सुचवेन: चार ब्रह्मा कोंबड्या, एक ब्रह्मा कोंबडा, आणि तीन ग्रामप्रिया. ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठीच तयार केलेली आहे आणि वर्षाला दोनशेच्या आसपास अंडी सहज देते. तिच्या तिघींची सहाशे आणि ब्रह्माच्या चौघींची चारशे मिळून हजार, म्हणजे दिवसाला सरासरी पावणेतीन. पण ग्रामप्रिया चपळ आहे, खाद्यावर आधी पोचते आणि ब्रह्मा मुकाट्याने बाजूला होते. खाद्याची भांडी दोन ठेवा, एकमेकांपासून लांब. रात्री ब्रह्मांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपून बघत जा. भरलेली लागली नाही तर दोन्ही जातींना खाद्याच्या वेळी वेगळं करा.

मांसाचं बोलायचं तर नऊ महिन्यांचा ब्रह्मा कोंबडा तोवर अंदाजे सत्तावीस-तीस किलो खाद्य खातो आणि उभ्या वजनाला साडेतीन किलोच्या आसपास भरतो, साफ केल्यावर सव्वादोन-अडीच किलो. ब्रॉयलर किलोभर वजनाला दीड-पावणेदोन किलो खाद्य खातो, हा आठ. पैशाच्या हिशेबात हे बसत नाही आणि बसवायचा प्रयत्नही करू नका. मोकाट चरणारा, पाला-किडे खाणारा पक्षी थोडं कमी खाद्य खातो, एवढाच दिलासा. पण चवीला तो वेगळाच आहे. मांस घट्ट, रस दाट, तांबडा रस्सा करायला या कोंबड्यासारखा कोंबडा नाही. मंद आचेवर वेळ द्या, कुकरच्या चार शिट्ट्यांत तो शिजत नाही. सहाव्या महिन्यात कापला तर फसल्यासारखं वाटेल. आठ ते दहा महिने ही योग्य वेळ, वर्षानंतर तो चिवट होत जातो.

अंडी, पिल्लं की जोडी? अंडी कुरिअरने मागवू नका, प्रवासात आतली हवेची पोकळी सुटते आणि निम्म्या अंड्यांतूनसुद्धा पिल्लं निघत नाहीत. महागडी तयार जोडीही नको, कारण विकणारा आपल्या उत्तम पक्ष्यांची जोडी सहसा देत नाही, आणि एक कोंबडा एकाच कोंबडीमागे लागला तर तिची पाठ उघडी करतो. दिवाळीच्या सुमारास दीड-दोन महिन्यांची दहा-बारा पिल्लं घ्या. थंडी त्यांना सोसते आणि उन्हाळा येईपर्यंत ती मोठी होतात. लस झाली का ते विचारा. मरेक्स या पाय लुळे पाडणाऱ्या आजाराची लस पहिल्याच दिवशी द्यावी लागते आणि हौशी लोकांकडच्या पिल्लांना ती बहुधा दिलेली नसते. मग तीन-चार महिन्यांची तलंग एक पाय पुढे, एक मागे टाकून पडते आणि मालकाला वाटतं की वजनाने पाय गेला. मानमोडीची लासोटा पहिल्या आठवड्यात, गंबोरो रोगाची दोन आठवड्यांना, लासोटा परत चौथ्या आठवड्याला, देवीची सहा-सात आठवड्यांना आणि मानमोडीचीच आर-टू-बी आठ-दहा आठवड्यांना, हा साधारण क्रम. तुमच्या भागातलं वेळापत्रक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. लसीची बाटली शेकडो मात्रांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. शेजारच्या चार घरांनी एकाच दिवशी लसीकरण केलं तर सगळ्यांना परवडतं. आणलेली पिल्लं तीन आठवडे जुन्या पक्ष्यांपासून वेगळी ठेवा. पावसाळ्यात वाढवायची वेळ आलीच तर रक्ती हगवणीवर डोळा ठेवा, ओल्या गादीत ती हमखास येते.

या दहा-बारांतून वर्षभराने चार कोंबड्या आणि एक कोंबडा राखायचा, बाकीचे खायचे किंवा द्यायचे. पहिल्या मोसमात प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचं कडं घाला आणि कोण किती घालते ते लिहा. पेटीत कोण बसली हे चार कोंबड्यांत सहज कळतं, शिवाय प्रत्येकीच्या अंड्याचा आकार आणि तपकिरी छटा ठरलेली असते. जी सगळ्यात जास्त घालते तिचीच अंडी उबवायची, तिची पिसं दुसरीपेक्षा कमी असली तरी. कोंबडा निवडताना पाय सरळ, छाती रुंद आणि आई चांगली घालणारी हवी. पैदाशीआधी दोघांच्या शेपटीखालची पिसं कात्रीने आखूड करा, फलन लगेच सुधारतं. अंडी सात दिवसांच्या आतली, फ्रिजमध्ये न ठेवलेली. ब्रह्मा खुडूक होते आणि मन लावून बसते, पण तिच्या वजनाखाली अंडी फुटतात आणि पहिल्या दिवसाची पिल्लं चिरडतात. गावातल्या एखाद्या खुडूक देशी कोंबडीखाली सहा-आठ ब्रह्माची अंडी घालून रवण बसवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. ब्रह्माच्या पिल्लांना पिसं सावकाश फुटतात आणि देशी आई तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांना अंगाखाली घेणं कमी करते. तेव्हा रात्री खोक्यात बल्ब लावून ऊब द्या, सहा आठवड्यांपर्यंत. दोन वर्षांनी कोंबडा बदला, आणि नवा आणताना पहिला प्रश्न त्याच्या आईच्या अंड्यांचाच विचारा.